पांढऱ्या पायाची

पुराचं पाणी अजून आमच्या घराच्या जोत्यावर होतं आणि माणसं माझ्या लग्नाचं बोलायला लागली होती. मी हे रागाने रंगवून सांगते आहे असं कुणाला वाटेल. वाटू दे. मी तिथेच बसले होते, महादेवाच्या टेकाडावर, ओल्या घोंगडीत, दोन धाकट्या भावांना दोन बाजूंना धरून. गावातली जाणती माणसं बाचं सांत्वन करायला आली. घर गेलं, बैल गेले, उभा कापूस गेला, असं एकेक म्हणून झालं आणि मग त्यातल्या एकाने माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणाला, त्यात ही पोर पदरात. म्हणजे घर वाहून गेलं हे एक संकट, आणि मी वाहून गेले नाही हे दुसरं.

आमचं गाव तापीच्या काठी, प्रकाशा गावाच्या वरच्या अंगाला. मला तेव्हा दहावं लागलं होतं. भाद्रपदाच्या तोंडाला नदी गावात शिरली, आणि उतरली तेव्हा मातीच्या भिंती जागच्या जागी बसलेल्या होत्या. सरकारी माणसं आली आणि म्हणाली, गाव वर माळावर बसवू. बसवू म्हणजे त्यांनी खुंट्या ठोकून दिल्या आणि ती निघून गेली. बा आणि माय त्या खुंट्यांपाशी छप्पर उभं करायला राहिले, आणि आम्हा तिघांना नंदुरबारला फुईकडे धाडायचं ठरलं. फुई म्हणजे बाची थोरली बहीण. तिचा निरोप आला होता, पोरांना धाड, पोरीचं मी बघते. पोरीचं बघते म्हणजे तिचं लग्न लावून टाकते. हे मायला कळलं होतं, बाला कळलं होतं, गाडी हाकणाऱ्याला कळलं होतं. मला तेवढं कुणी सांगितलं नाही. मी मायला विचारलं, न्यायला कधी येशील? ती म्हणाली, छप्पर झालं की. त्या शब्दावर मी गाडीत चढले. मला आपल्या घरी परत जायचं होतं आणि त्यांना मला तिसऱ्याच कुणाच्या घरी धाडायचं होतं.

फुवा, म्हणजे फुईचा नवरा, मिरचीचा व्यापारी. घराच्या मागे वखार, वखारीत पोती, पोत्यांत गेल्या साली वाळवलेली लाल मिरची. दारात पाय ठेवताच आम्ही तिघेही शिंकायला लागलो आणि घरातली झाडून सगळी माणसं हसली. होईल सवय, म्हणाली. मला काही शेवटपर्यंत सवय झाली नाही. फायदा एवढाच की रडलं तरी ते मिरचीच्या नावावर खपायचं.

गल्लीतल्या बायका आम्हाला बघायला आल्या. कुणी हातात भाकरतुकडा घेऊन आली नाही, बघायला आल्या. एकीने धाकट्याची हनुवटी धरून विचारलं, सगळं गेलं ना रे तुमचं? त्याने मान हलवली. तिचं समाधान झालं नाही. तिने पुन्हा विचारलं, सगळं? तो बिचारा चार वर्षांचा, तो घाबरून म्हणाला, सगळं. तेव्हा कुठे तिने हळहळ केली. आमचं नाव पडलं पूरवाली पोरं. फुईसुद्धा आम्हाला तसंच हाक मारायची, आणि वर म्हणायची की पोरांना घरच्यासारखं ठेवलंय.

त्या घरात एकच माणूस असं होतं की ज्याने मला काहीच विचारलं नाही. ती फुईची सून. माझ्या आतेभावाची बायको, नात्याने माझी वहिनी. वय असेल बारा-तेरा. मुलींची लग्नं लहानपणी करू नयेत असा इंग्रजाचा कायदा तेव्हा झाला होता म्हणतात. झाला असेल. नंदुरबारच्या स्टेशनावर तो काही उतरला नव्हता. पहिल्याच दिवशी फुईने तिला सांगितलं, नणंदबाईंच्या पाया पड. ही लुगड्यात बुडालेली पोर माझ्यापुढे वाकायला लागली. मी पाय मागे घेतला आणि म्हटलं, मला नको. फुईने डोळे वटारले. मग ती पूर्ण वाकली, आणि वाकता वाकता तिने माझ्या अंगठ्याला असा कडकडून चिमटा काढला की मी ओरडलेच. फुईने विचारलं, काय गं? मी म्हटलं, काही नाही, मिरची चावली. वहिनी पदराआड खुसखुसली. पूर आल्यापासून मला पहिल्यांदा बरं वाटलं ते त्या चिमट्याने.

चारचौघांत ती मला बाई म्हणायची, अहो-जाहो करायची, आणि मीही तिला वहिनी, तुम्ही. पण वखारीत गेलं की आम्ही अरेला कारे. वखार झाडायचं काम तिचं. तिथे मोठी माणसं फार वेळ थांबत नसत, खोकून हैराण व्हायची. आम्ही नाकातोंडाला फडकं बांधून पोत्यांच्या मागे गजगे खेळायचो. ती लबाडी करायची. एक गजगा पडला तर पडलाच नाही म्हणायची, आणि मी भांडले की माझी वेणी ओढायची. मीही सोडत नसे. एकदा आम्ही एकमेकींच्या झिंज्या धरून इतक्या लोळलो की पोतं फुटलं. मग दोघींनी मिळून गपचूप मिरच्या भरल्या, आणि डोळ्यांची आग झाली तरी हसू थांबेना.

तिचं माहेर नवापूरचं. लग्न कसं झालं ते तिने मला तिथेच सांगितलं. मुहूर्ताला ती पेंगुळली होती, कुणीतरी काखेत हात घालून उभी धरली. दुसऱ्या दिवशी तिला आगगाडीत बसवलं. तिला आगगाडीची फार हौस, ती खिडकीपाशी बसली. गाडी हलली आणि बघते तो बाप फलाटावरच. तिला वाटलं, त्याची गाडी चुकली. ती ओरडायला लागली, गाडी थांबवा, मन्हा बाप ऱ्हायना. माझा बाप मागे राहिला. डबाभर वऱ्हाडी हसले. ते हसणं तिने मला पुन्हा करून दाखवलं, वेगवेगळ्या माणसांचं वेगवेगळं. मला हसू आलं नाही. मी पुराने घराबाहेर पडले म्हणून लोक हळहळले तरी. तिला वाजंत्री लावून बाहेर काढलं होतं आणि वर जेवणावळी घातल्या होत्या.

आणि आल्यावर तरी काय? ती या घरात आली आणि पुढच्या अमावास्येला यांचा बैल मेला. बैल म्हातारा होता, त्याच्या खांद्यावर वर्षभर जखम होती, हे गडीमाणसं सांगायची. पण घरात ठरलं की सून पांढऱ्या पायाची. म्हणजे जिथे पाय ठेवील तिथलं वाटोळं करणारी. तेव्हापासून दूध नासलं तरी ती आणि मिरचीचा भाव पडला तरी तीच. मिरचीचा भाव, सांगा! ती म्हणायची, एकदा का कुणी पायावर बोट ठेवलं की देवाला सांगूनसुद्धा ते पुसत नाही.

मीही तिला माझं एक सांगितलं होतं. तापीमायची ओटी भरायला बायका नदीवर यायच्या. खण, तांदूळ, नारळ पाण्यात सोडायच्या आणि नमस्कार करून वर चढायच्या. आम्ही पोरं खालच्या वळणावर टपलेली असायचो. नारळ तरंगत आला की पाण्यात उडी मारायची, बाहेर काढायचा, दगडावर फोडायचा आणि वाटून खायचा. काठावरच्या सगळ्या गावांतली पोरं हे करतात, त्यांच्या बापांनीही केलेलं असतं. पुराच्या आधी थोडे दिवस मी एक असाच काढला होता, मोठा, गोड पाण्याचा. वहिनीला हे इतकं आवडलं की ती मला दोन-तीनदा सांगायला लावायची. तिला पोहता येत नव्हतं.

भाद्रपदाच्या पुनवेला गुलाबाई बसली. आमच्या खानदेशात कुवार पोरींचा हा महिना. घरोघर मातीची गुलाबाई नि तिचा नवरा कोनाड्यात बसवायचे, संध्याकाळी पोरींनी टिपऱ्या घेऊन एकेका घरी जायचं, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. खिरापतीचा डबा झाकलेला असतो. कान लावायचा, हलवायचा, आणि आत काय ते सांगायचं. फुईला पोरगी नव्हती, तिच्याकडे गुलाबाई कधी बसत नसे. त्या वर्षी तिने कुंभाराकडून मूर्ती आणवली, माझ्यासाठी. मला वाटलं, अगदीच वाईट नाही म्हणायची फुई. मला नवं परकरपोलकंही शिवलं. पोर चारचौघांत दिसायला हवी म्हणून हे सगळं चाललं होतं, आणि मी वेडी खुशीत होते.

गल्लीतल्या पोरी आधी मला टिपरीच लागू देत नसत. पूरवाली म्हणून घोळक्याच्या बाहेर ठेवायच्या. पण डबा ओळखायला माझा कान तयार होता. फुटाणे कोणते आणि शेंगदाणे कोणते हे मला एका हलवण्यात कळायचं. कुणाच्या घरची खिरापत कुणालाच ओळखू येईना, तेव्हा एकीने डबा माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, भिजवलेली डाळ, आणि वर खोबरं. निघालं तेच. दुसऱ्या दिवसापासून त्या मला हाका मारायला दारात यायला लागल्या. आधी आमच्याकडे ये, नाही आमच्याकडे, अशी ओढाओढ. मला पुन्हा मैत्रिणी झाल्या होत्या. वहिनी मात्र उंबऱ्याच्या आत. माहेरी असती तर तीही खेळली असती, इथे ती सून. ती दाराआड उभी राहून सगळी गाणी ओठातल्या ओठात म्हणायची. कोजागिरीला तिचा बाप न्यायला येणार होता. ती त्याच दिवसाच्या आशेवर सगळं निभावत होती.

गुलाबाईच्याच दिवसांत फुईने मला चुलीपुढे बसवलं. रोज भाकरी थापायची, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची. ती चिरते. चिरली की हातावर उलथनं. मी विचारलं, मला कशाला? घरी माय करते की. फुई हसली आणि शेजारणीला म्हणाली, आंडेर मोठी व्हई गयी. मुलगी मोठी झाली. मी इतकी मूर्ख की मला ते कौतुक वाटलं.

मग एक दिवस बा आला. वाळून काटकी झाला होता. मी त्याला बघितलं आणि धावत जाऊन आमच्या तिघांचे कपडे गाठोड्यात बांधले. गाठोडं घेऊन बाहेर येते तो ओट्यावर फुवांचं बोलणं चाललेलं. स्थळ तळोद्याकडचं. मुलगा पंचविशीचा, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. माणसं भली, काही मागत नाहीत, पुढच्या आठवड्यात बघायला येतात. मी दाराला धरून उभी राहिले. मला वाटलं, आता बा म्हणेल, नाही. बा खाली बघत होता. तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं.

मी गाठोडं ओट्यावरून खाली भिरकावलं. काय काय बोलले ते मला आठवत नाही, पण सगळी गल्ली ऐकत होती. छप्पर झालं की नेतो म्हणालात, खोटारडे, असं म्हटल्याचं आठवतं. फुईने माझ्या थोबाडीत दिली. बाने उठून गाठोडं उचललं, त्याची धूळ झटकली आणि माझ्या हातात दिलं. म्हणाला, "तठे पानी येत नही, बेटा." तिकडे पाणी येत नाही. त्याला एवढंच दिसत होतं. नदीपासून लांब एक कोरडी जमीन, आणि तिच्यावर मी. पुढे आयुष्यात मी बाच्या बाजूने पुष्कळ विचार केला, करायला लागतो. पण त्या दिवशी तो मला तिथेच ठेवून परत गेला आणि त्याचा राग अजून आहे तिथेच आहे.

मी वखारीत जाऊन पोत्यांमागे बसले. वहिनी आली. मला वाटलं, समजूत घालेल, सगळ्यांसारखी. पण माझ्या शेजारी बसून ती आपल्या पायाच्या बोटांकडे बघत राहिली. नंतर आठवडाभर ती माझ्याशी फारसं बोललीही नाही. मला वाटलं, तिलाही माझी कटकट झाली. एक तेवढी माझी होती आणि तीही फिरली, म्हणून मी तिच्यावरही धुमसत होते.

तळोद्याची मंडळी आली ती गुलाबाईच्या वेळेलाच. मुलाची आई आणि एक म्हातारा चुलता. म्हातारा ओट्यावर बसला, ती बाई आत आली. तिने माझे केस बघितले, दात बघितले. मग मला ओल्या पायांनी जमिनीवर चालायला लावलं आणि उमटलेली पावलं वाकून बघितली. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. पावलं नीट उमटली असावीत, कारण तिने फुईकडे बघून मान डोलावली. बाहेर पोरी टिपऱ्या घेऊन जमल्या होत्या, माझी वाट बघत. फुई म्हणाली, आधी पाहुण्यांना हातची भाकरी खाऊ घाल, मग जा.

मी चुलीपुढे बसले. वहिनी शेजारी लाकडं सारत होती, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. तळोद्याची बाई पाटावर बसली. फुई पाण्याचा तांब्या घेऊन दारापर्यंत आली होती. बाईने सहज वहिनीला विचारलं, तुझी नणंद स्वभावाने कशी आहे गं? सुनांना असं विचारतात. सासू ऐकत असताना सून वाईट बोलणार नाही हे ठाऊक असतं, म्हणून विचारतात. वहिनीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "भली शे, बाई. तिनी तापीमायनी ओटीना नारय खाधा, तेवढंच."

तेवढंच! तापीच्या ओटीचा नारळ पोरीने खाल्ला, आणि त्यानंतर गाव बुडालं, हे तिने नंतर बाईने विचारलं तेव्हा सांगितलं. फार भोळ्या तोंडाने सांगितलं. तिचा काय दोष हो, लहान आहे, पण तिकडची माणसं म्हणतात की त्यानंतर आठवडाही गेला नाही. आता तिकडची माणसं असं काही म्हणत नव्हती, हे वहिनीला चांगलं माहीत होतं.

बाई माझ्याकडे वळली. खरं का गं पोरी? तिथे मी रडले असते, नाही म्हटले असते, तर कदाचित निभावलं असतं. पण माझं डोकं तापलं होतं. मी भाकरी तव्यावर आपटली आणि म्हटलं, हो, खाल्ला, सगळीच पोरं खातात. यातलं तिला फक्त पहिलं ऐकू गेलं. ती उठली. ताटाला तिने हात लावला नाही, पाणीसुद्धा प्याली नाही. फुई तिच्या मागे ओट्यापर्यंत धावली, हातापाया पडली. म्हाताऱ्याने जोडे घातले आणि दोघं चालती झाली. भाकरी तव्यावर करपून गेली.

त्या संध्याकाळी जमलेल्या पोरी खिरापत न घेताच पांगल्या. बाहेर सगळं ऐकू गेलं होतं. दुसऱ्या दिवशी हाक मारायला कुणी आलं नाही. मी आपण होऊन गेले, तर ज्या पोरीने पहिल्यांदा डबा माझ्यापुढे धरला होता, तिच्या आईने तिला दंडाला धरून आत ओढलं. म्हणाली, नको बाई, आमच्या घरात पाय नको. पुराने घर नेलं होतं. आता एवढ्या मुश्किलीने मिळालेली गल्लीही गेली, आणि ती काही नदीने नेली नव्हती.

मी वखारीत गेले. वहिनी झाडत होती. मी तिच्या हातातला झाडू हिसकावला आणि तिला मारलं. खरंच मारलं, पाठीवर, दंडावर, जिथे लागेल तिथे. मी तुला विश्वासाने सांगितलं होतं, म्हणत होते, तुला मैत्रीण म्हणून सांगितलं होतं. तिने हात वर केले नाहीत. माझा जोर संपल्यावर तिने माझे दोन्ही हात मनगटाला धरले. फडकं बांधलेलं नसल्याने आम्हा दोघींच्याही नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती म्हणाली, "मन्हासाठे कोनीच खोटं बोलनं नही. तुन्हासाठे मी शे ना."

माझ्या वेळी माझ्यासाठी खोटं बोलायला कुणी नव्हतं, तुझ्यासाठी मी आहे. ज्या शब्दाने या घराने तिला खाली दाबून ठेवलं होतं, तोच शब्द तिने माझ्यावर टाकला होता, कारण या लोकांना दुसरं काही कळत नाही, एवढं तिने त्या बारा-तेरा वर्षांत ओळखलं होतं. रडणाऱ्या पोरीला त्यांनी बोहल्यावर चढवलं असतं, आजारी असती तरी चढवलं असतं. पांढऱ्या पायाच्या पोरीला कुणी दारात उभं करत नाही. मी तिला विचारलं, आणि तुझं काय? फुईला कळलंय. ती म्हणाली, बघू. आणि झाडू उचलून पुन्हा झाडायला लागली.

फुईने आम्हाला पुढच्याच बाजाराच्या दिवशी गाडीत घालून परत धाडलं. अवलक्षणी पोर घरात नको म्हणाली. मी निघाले तेव्हा वहिनीला बाहेर येऊ दिलं नाही. माळावर छप्पर अजून अर्धंच झालं होतं. माय मला बघून रडली, आधी आनंदाने आणि कारण कळल्यावर कपाळ बडवून. ते नाव माझ्याआधी किंवा माझ्यामागोमाग गावात पोचलंच. पुढे कितीतरी वर्षं मला कुणी मागणी घातली नाही. पोरीचं करायचं काय म्हणून मला माळावरच्या नव्या शाळेत धाडलं, आणि तिथे मी शिकले. हे मी लिहिते आहे ते त्यामुळे लिहिता येतं. लोक याला नशीब म्हणतात तेव्हा माझं पित्त खवळतं. नशीब कसलं? ते एका पोरीने केलं होतं आणि त्याची किंमतही तिनेच भरली.

ती किंमत मला दिवाळीनंतर कळली. फुवा मिरचीच्या कामाने आमच्या बाजूला आले होते. आमच्या छपरात खाटेवर बसले, बाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, झालं गेलं विसरा. मग हसत हसत सांगायला लागले. कोजागिरीला सुनेचा बाप नवापूरहून आला होता. डोक्याला फेटा, हातात खाऊची पुरचुंडी. फुईने त्याला ओट्यावरच बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, तुमच्या पोरीला बोलायचं वळण लागलं की धाडू. तो म्हणाला, नुसती बघून जातो. फुई म्हणाली, वळण लागलं की बघा. सुनेला वखारीत घालून बाहेरून कडी लावली होती. आतून ती बापाला हाका मारत होती, आणि मिरचीने खोकला आला की हाक तुटायची. बाप गाडीची वेळ होईपर्यंत गल्लीत उभा होता. हे सगळं फुवा असं सांगत होते की जशी काही जत्रेतली गंमत. मायने पाहुण्यांचं मन राखायला तोंडावर पदर धरून हसल्यासारखं केलं.

मी फुवांना पाणी द्यायला उभी होते. त्यांनी अर्धं पिऊन तांब्या माझ्या हातात परत दिला होता. पितळेचा होता, पुरातून वाचलेलं आमचं एवढंच भांडं. मी तो दोन्ही हातांनी वर उचलला आणि त्यांच्या पायावर टाकला. ते असे बोंबलले की माळावरची छपरं बाहेर आली. माय मला बडवायला उठली, तर बाने तिचा हात धरला. तो माझ्याकडे बघत होता. फुवा लंगडत गाडीत चढले आणि पुन्हा आमच्याकडे आले नाहीत.

वहिनी माहेरी गेली ती पहिल्या बाळंतपणाला, तोवर तिचा बाप गेला होता. फुवांचा अंगठा काही दिवस सुजला आणि मग बरा झाला असं ऐकलं. मला अजूनही वाटतं, तांब्या भरलेला असायला हवा होता.